चार्ल्स डार्विन : फांद्या काढून विचार करणारा माणूस



चार्ल्स डार्विन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो लांब पांढऱ्या दाढीचा, उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा म्हातारा शास्त्रज्ञ. दहावीला आनुवंशिकता व उत्क्रांती शिकवताना आपण त्याच्यापाशी थांबतो, दोन गुणांचे उत्तर लिहून देतो आणि पुढे जातो. आज मात्र मला त्याच्या सिद्धांताबद्दल कमी आणि त्याच्या वह्यांबद्दल जास्त सांगायचे आहे.

त्याचे कारण असे. हल्ली प्रत्येक शाळेत माइंड मॅप काढायला सांगतात. कुणी त्याला मनोनकाशा म्हणतं, कुणी संकल्पनाचित्र. मूल कार्डशीट आणतं, मधोमध गोल काढतं, स्केचपेनने रंगीत फांद्या काढतं, आई रात्री अकरापर्यंत जागून अक्षर काढून देते आणि तो कागद वर्गाच्या भिंतीवर लागतो. छान दिसतो. पण या सगळ्यात मुलाने विचार नेमका कधी केला? हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल, तर डार्विनची ही गोष्ट तुमच्या कामाची आहे.

एक खुलासा आधीच करते. माइंड मॅप हा शब्द रूढ केला टोनी बुझान या इंग्रज लेखकाने, १९७० च्या दशकात. डार्विन १८८२ मध्येच वारला होता. त्यामुळे त्याने काढले ते आजच्या व्याख्येतले माइंड मॅप नव्हेत. पण एका शब्दातून फांदी, फांदीतून उपफांदी आणि त्यातून पूर्ण मांडणी ही रीत त्याने आयुष्यभर वापरली, आणि तीही शोभेसाठी नव्हे.

पाठांतर दोन दिवसांत विसरणारा मुलगा

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूजबरी या गावी झाला. वडील नावाजलेले डॉक्टर. आई तो आठ वर्षांचा असतानाच गेली. गावातल्याच शाळेत तो शिकला. तिथे लॅटिन, ग्रीक आणि पाठांतर एवढेच चाले. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळात तो चाळीस-पन्नास ओळी सहज पाठ करी, आणि दोन दिवसांत त्या साफ विसरून जाई. म्हातारपणी आत्मचरित्रात त्याने हे मोकळेपणाने नोंदवून ठेवले आहे.

घरी मात्र गोष्ट वेगळी. शिंपले, नाणी, दगड, किडे, जे सापडेल ते गोळा करायचे. थोरल्या भावाबरोबर बागेतल्या अवजारांच्या खोलीत रसायनशास्त्राचे प्रयोग चालत, त्यावरून शाळेतल्या पोरांनी त्याला गॅस असे नाव पाडले होते. वडिलांना वाटे, पोरगा शिकारीत, कुत्र्यांत आणि उंदरांत वेळ घालवून घराण्याचे नाव घालवणार. आजच्या पालकांना हे वाक्य ओळखीचे वाटेल, फक्त कुत्र्यांच्या जागी मोबाईल घाला.

डॉक्टर करावे म्हणून वडिलांनी त्याला सोळाव्या वर्षी एडिंबराला पाठवले. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. एका लहान मुलावरची शस्त्रक्रिया पाहून तो बाहेर पळाला तो पुन्हा तिकडे फिरकला नाही. मग धर्मगुरू होण्यासाठी केंब्रिज. तिथेही मुख्य अभ्यास भुंगेरे गोळा करण्याचा! एकदा दोन हातांत दोन दुर्मिळ भुंगेरे असताना तिसरा दिसला, म्हणून त्याने एक तोंडात धरला. त्या किड्याने तिखट द्रव सोडला आणि जीभ पोळली. तोंडातला तर थुंकावा लागलाच, तिसराही हातचा गेला. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

जहाजावर लागलेले वळण

२७ डिसेंबर १८३१ रोजी बीगल हे जहाज निघाले. डार्विन तेव्हा बावीस वर्षांचा. दोन वर्षांचा म्हणून सुरू झालेला प्रवास जवळजवळ पाच वर्षे चालला. नोंदी घेण्याची शिस्त त्याला इथे लागली.

त्याची पद्धत बघा. खिशात छोटी वही, तीत पेन्सिलने तुटक शब्द. पूर्ण वाक्य लिहायला डोंगरावर वेळ कुणाला असतो? जहाजावर परतल्यावर त्या तुटक शब्दांवरून शाईने सविस्तर लिखाण. भूगर्भशास्त्राचे वेगळे, प्राण्यांचे वेगळे, रोजनिशी वेगळी. नमुन्यांना क्रमांक, आणि क्रमांकांची यादी पुन्हा वेगळी. अशा पंधरा छोट्या वह्या भरल्या. भूगर्भाची टिपणे तेराशेहून जास्त पाने झाली, प्राण्यांची साडेतीनशेच्या वर, आणि रोजनिशी पावणेआठशेच्या आसपास.

एवढी शिस्त असूनही एक चूक राहिलीच, आणि नेमकी पुढे सर्वांत प्रसिद्ध झालेल्या जागी. १८३५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गॅलापागोस बेटांवर त्याने छोटे पक्षी मारून घेतले, पण त्यातल्या अनेकांवर कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा हे लिहिलेच नाही. शेजारशेजारच्या बेटांवर वेगळ्या प्रजाती असतील असे तेव्हा त्याला वाटलेच नव्हते. तिथल्या अधिकाऱ्याने त्याला सांगितले होते की कासव बघून ते कुठल्या बेटाचे हे ओळखता येते. डार्विनने ते ऐकले आणि लगेच मनावर घेतले नाही. लंडनला परतल्यावर, १८३७ च्या सुरुवातीला, पक्षितज्ज्ञ जॉन गोल्ड यांनी ते पक्षी पाहून सांगितले की या फिंच पक्ष्यांच्या वेगवेगळ्या प्रजाती आहेत. मग धावपळ! जहाजाचा कप्तान फिट्झरॉय आणि इतर सहप्रवाशांनी गोळा केलेल्या पक्ष्यांवर बेटांची नावे होती. त्यांवरून डार्विनला आपले पक्षी जुळवून घ्यावे लागले.

म्हणून वहीत तारीख, जागा, पुस्तकाचे पान लिहायला आपण मुलांच्या मागे लागतो ना, ते कटकट म्हणून नाही. नोंद घेताना पुढे तिचा काय उपयोग होईल हे त्या वेळी डार्विनलाही कळले नव्हते.

पान ३६

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

जुलै १८३७. अठ्ठावीस वर्षांचा डार्विन लंडनमध्ये भाड्याच्या घरात राहतो आहे. त्याने एक नवी वही सुरू केली. तपकिरी चामड्याची, साधारण पोस्टकार्डाएवढी. तिला त्याने बी हे अक्षर दिले. विषय एकच : प्रजाती बदलतात का, आणि बदलत असतील तर कशा?

या वहीत आधी, २६ व्या पानावर, त्याने दोन बारीक चित्रे काढून पाहिली. समुद्रातल्या पोवळ्यासारखी, खालचा भाग मेलेला आणि वरचा जिवंत. मग ३६ व्या पानावर आले ते जगप्रसिद्ध झाड. झाड म्हणायचे इतकेच. पहिलीतल्या मुलाने काढली असती तर आपण परत काढायला सांगितली असती अशी वेडीवाकडी रेघ. बुंध्याशी १ हा आकडा. त्यातून फांद्या, फांद्यांना फाटे. काही फाट्यांच्या टोकाला आडवी रेघ, म्हणजे आज जिवंत असलेली प्रजाती. ज्यांच्या टोकाला रेघ नाही, त्या नष्ट झालेल्या. चार टोकांना ए, बी, सी, डी ही अक्षरे. जवळच्या फांद्यांचे नाते जवळचे, लांबच्यांचे लांबचे. बाजूला घाईघाईने लिहिलेल्या चार ओळी.

आता हे लक्षात घ्या, की हे चित्र काढले तेव्हा डार्विनला उत्तर माहीत नव्हते. निसर्गनिवडीची कल्पना त्याला सुचली ती पुढच्या वर्षी, १८३८ च्या सप्टेंबरअखेर माल्थसचे लोकसंख्येवरचे पुस्तक वाचताना. म्हणजे आकृती आधी आली आणि स्पष्टीकरण मागून. फांद्या काढताना त्याला दिसले की एकाच मुळापासून इतके जिवंत प्रकार निघायचे, तर मधले पुष्कळ प्रकार नष्ट झालेच असले पाहिजेत. रेघ ओढल्यावर प्रश्न समोर आला.

आपल्याकडे नेमके उलटे होते. धडा शिकवून संपतो, मग त्याचा माइंड मॅप काढायला सांगतो. इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत संकल्पनाचित्र पूर्ण करा असा प्रश्न असतो, त्यात चौकटी छापलेल्या, मुलाने फक्त रिकाम्या जागा भरायच्या. तो आठवणीचा प्रश्न आहे, त्यात वाईट काही नाही. पण त्यातून मुलाला स्वतःची मांडणी करता येते असे समजू नये. एकदा धड्याच्या आधी काढायला लावून बघा. जलप्रदूषण शिकवण्याआधी फळ्यावर फक्त नदी लिहा, आणि प्रत्येकाला कच्च्या वहीत फांद्या काढू द्या. कुणाची फांदी धुण्याच्या घाटाकडे जाईल, कुणाची गणपती विसर्जनाकडे, एखाद्याची फक्त पोहण्याकडे. धडा झाल्यावर त्याच कागदावर दुसऱ्या पेनने भर घालायला सांगा. दोन शाईंमधला फरक पाहिला की मूल काय शिकले ते तुम्हाला कळेल, वेगळी चाचणी लागणार नाही.

डार्विनला कागदावर विचार मांडायची इतकी सवय होती की लग्न करावे की नाही हेही त्याने १८३८ मध्ये कागदाचे दोन भाग करूनच ठरवले. एका बाजूला लग्नाचे फायदे : मुलेबाळे, म्हातारपणी सोबत. दुसऱ्या बाजूला तोटे : पुस्तकांना पैसे उरणार नाहीत, नातेवाइकांकडे जावे लागणार, वेळ वाया जाणार! शेवटी लग्नाची बाजू जिंकली. जानेवारी १८३९ मध्ये मामेबहीण एमा वेजवुड हिच्याशी त्याचा विवाह झाला. मुलांना निर्णय कसा घ्यावा हे शिकवायला हा कागद उत्तम आहे. आठवीच्या पुढच्या वर्गात मुले हसत हसत समजून घेतात.

फाइली, कातरी आणि एकेक शब्द

१८४२ मध्ये डार्विन कुटुंब लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाउन गावी राहायला गेले. तिथल्या घरात तो शेवटपर्यंत राहिला. तब्येत कायम नादुरुस्त. उलट्या, धडधड, थकवा. नेमके काय झाले आहे ते त्या काळच्या डॉक्टरांना सांगता आले नाही. दिवसात दोन-तीन तास काय ते खरे काम होई, सकाळी आठ ते साडेनऊ आणि मग साडेदहा ते बारा. अशा माणसाला काल कुठे थांबलो होतो हे शोधण्यात तास घालवणे परवडणारच नव्हते. त्याची टिपणांची व्यवस्था या गरजेतून उभी राहिली असे मला वाटते.

पुस्तक वाचले की शेवटच्या कोऱ्या पानावर तो आपल्या कामाच्या गोष्टींची छोटी सूची करी, पान क्रमांकासह. पुस्तक दुसऱ्याचे असेल तर वेगळा सारांश काढी. वेगवेगळ्या विषयांच्या मोठ्या फाइली होत्या, आणि नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या कप्प्यांत त्या ठेवलेल्या असत. कुठलीही चिठ्ठी हाती आली की लगेच आपल्या फाइलीत. १८४४ मध्ये अशा आठ-दहा तपकिरी कागदाच्या फाइली होत्या, पुढे त्या तीस-चाळीसच्या घरात गेल्या. पुस्तकांचे त्याला सोवळे नव्हते. जाडजूड पुस्तक हातात पेलेना तर सरळ दोन तुकडे करी. आलेल्या पत्रांतून हवा तेवढा भाग कापून फाइलीत टाकी. स्वतःच्या जुन्या वह्यांतली उपयोगी पानेसुद्धा त्याने १८५६ मध्ये कापून काढली आणि विषयवार लावली. आपण वही फाडली म्हणून मुलांना रागावतो. इथे वही फाडणे हाच अभ्यास होता.

आणखी एक नियम त्याने स्वतःला घालून घेतला होता, आणि माझ्या मते तो सर्वांत मोलाचा. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की ती तिथल्या तिथे लिहून ठेवायची. कारण सोयीच्या गोष्टी लक्षात राहतात, गैरसोयीच्या आपोआप विसरतात. निबंधाचा आराखडा करताना मुलांना एक फांदी विरुद्ध बाजूची काढायला सांगा. मोबाईल : शाप की वरदान वर लिहिणारी मुले वरदानाच्या सहा फांद्या काढतात आणि शापाची एक, तीही डोळे बिघडतात एवढ्यावर संपते. ती फांदी वाढवायला लावली की निबंध सुधारतो.

आणि लिहायची रीत? मोठे पुस्तक लिहायचे असले की डार्विन आधी दोन-तीन पानांचा अगदी ढोबळ आराखडा करी. मग तोच वाढवून बऱ्याच पानांचा. त्यात एकेक शब्द किंवा दोन-चार शब्द म्हणजे एक संपूर्ण चर्चा. मग प्रत्येक शीर्षक पुन्हा फुलवायचे, वाटले तर जागा बदलायची, आणि त्यानंतर कुठे सलग लिहायला बसायचे. लिहितानाही पहिला खर्डा भराभर, अर्धे शब्द गाळून, वाईट अक्षरात, सुधारणा सावकाश. माइंड मॅपमध्ये फांदीवर एकच शब्द लिहा असे आपण सांगतो ते याचसाठी. पूर्ण वाक्य लिहिले की ते हलवायला जीव होत नाही, एक शब्द सहज इकडचा तिकडे नेता येतो.

आराखडा वाढतच गेला तर

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख एकांगी होईल.

१८४२ मध्ये डार्विनने आपल्या सिद्धांताचा पेन्सिलने लिहिलेला ३५ पानांचा आराखडा केला. १८४४ मध्ये तो वाढवून सुमारे २३० पानांचा झाला. तो छापला नाही. उलट एमाला एक पत्र लिहून ठेवले की माझे काही बरेवाईट झाले तर ४०० पौंड बाजूला काढून हे कुणा जाणकाराकडून प्रसिद्ध कर. मग १८४६ पासून आठ वर्षे त्याने बार्नॅकल या, खडकांना आणि जहाजांच्या तळाला चिकटणाऱ्या, कवचवाल्या जिवांच्या अभ्यासात घालवली. त्याच काळात, १८५१ मध्ये, त्याची लाडकी मुलगी ॲनी दहाव्या वर्षी गेली. ते दुःख त्याला कधीच पुसता आले नाही. १८५६ मध्ये मित्रांच्या आग्रहाने एकदाचे मोठे पुस्तक लिहायला घेतले, आणि ते फुगतच चालले. फांदीला फांदी, पुराव्याला आणखी पुरावा.

जून १८५८ मध्ये मलाय द्वीपसमूहातून आल्फ्रेड रसेल वॉलेस या तरुण निसर्ग-अभ्यासकाचे टपाल आले. उघडून पाहतो तो काय, आपलाच सिद्धांत दुसऱ्याच्या हस्ताक्षरात! वीस वर्षांचे काम हातातून जाण्याची वेळ. त्याच दिवसांत घरात स्कार्लेट फीवर शिरला होता, आणि २८ जूनला त्याचे दीड वर्षाचे बाळ दगावले. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत मित्रांनी दोघांचेही लेखन एकत्र वाचवले, तेव्हा डार्विन तिथे नव्हता.

त्यानंतर त्याने मोठे पुस्तक बाजूला ठेवले आणि त्याचा सारांश म्हणून एक लहान पुस्तक लिहायला घेतले. तेरा महिन्यांत ते हातावेगळे केले. आजारी माणसाने, मूल गमावलेल्या बापाने एवढ्या वेगात ते लिहिले, कारण मांडणी पक्की होती आणि फाइली कप्प्यांत तयार होत्या. पण तारीख समोर उभी राहीपर्यंत हेच पुस्तक त्याच्या हातून झाले नव्हते, हेही तितकेच खरे. वर्षभर फक्त वेळापत्रक आखत बसणारी दहावीची मुले आपण पाहतोच. रंगीत पेनांनी रविवारी नवे वेळापत्रक, पुढच्या रविवारी त्याहून सुंदर. अशा मुलाला आणखी एक माइंड मॅप काढायला सांगू नका. आहे त्यातली एक फांदी धर आणि संध्याकाळपर्यंत दोन पाने लिहून दाखव, एवढेच सांगा.

प्रजातींच्या उगमाविषयीचे ते पुस्तक २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाले. १२५० प्रती छापल्या होत्या. जवळजवळ पाचशे पानांच्या पुस्तकात चित्र एकच, घडी उलगडून पाहायचे : फांद्यांचे. बावीस वर्षांपूर्वी पान ३६ वर काढलेली ती वेडीवाकडी रेघ आता पट्टीने आखलेली, अक्षरे-आकडे घातलेली होती, आणि ती समजावून द्यायला डार्विनने अनेक पाने खर्च केली.

हस्तलिखिताचे पुढे काय झाले म्हणता? छापून झाल्यावर ते कागद मुलांना पाठकोरे म्हणून मिळाले. जी थोडी मूळ पाने आज शिल्लक आहेत, त्यांतल्या काहींच्या मागे डार्विनच्या मुलांनी काढलेली चित्रे आहेत. एकावर भाज्या आणि फळांवर स्वार झालेले सैनिक लढताना दिसतात. मुलांनी चित्रे काढली म्हणूनच ती पाने घरात जपली गेली असावीत.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन वारला. त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पुरले. वह्या पुढे केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेल्या. त्यातली बी वही आणि तिच्या पुढची सी वही छायाचित्रे काढण्यासाठी २००० साली बाहेर काढली गेली, आणि काही महिन्यांत त्या जागेवर नाहीत असे लक्षात आले. बरीच वर्षे वाटले, लाखो पुस्तकांत कुठेतरी चुकीच्या कप्प्यात असतील. शोधून शोधून थकल्यावर २०२० मध्ये चोरीची तक्रार झाली. मार्च २०२२ मध्ये ग्रंथपालांच्या खोलीबाहेर कुणीतरी एक गुलाबी रंगाची भेटवस्तूची पिशवी ठेवून गेले. आत दोन्ही वह्या, आणि ग्रंथपालांना ईस्टरच्या शुभेच्छा देणारी एक चिठ्ठी. कोणी ठेवली ते कॅमेऱ्यात दिसले नाही. वह्या सुस्थितीत होत्या.